लाईट किती वेळ होती, हे आधी विचारा

आज संध्याकाळी पार्क मैदानावर जे पाहिले, ते जेवण झाले तरी मनातून जात नाही, म्हणून लिहितो आहे. शालेय मुलांची फुटबॉल संघासाठी निवड चालू होती. निवड करणाऱ्या गृहस्थांनी हातातला कागद पाहून एका बचावपटूला बाजूला काढले. कारण एवढेच, की त्याने सामन्यात चार टॅकल केले होते, म्हणजे चार वेळा समोरच्याच्या पायातून चेंडू हिसकावला होता, आणि समोरच्या संघातील बचावपटूने सहा. तो मुलगा काही न बोलता बुटांच्या नाड्या सोडत बसला.

माझे वडील पूर्व भागातल्या एका कारखान्यात टॉवेलच्या मागावर होते. भारनियमनाच्या दिवसांत त्यांच्या शेडची लाईट दुपारभर जायची आणि मालकाच्या दुसऱ्या शेडमध्ये ती चालू असायची. आठवड्याच्या शेवटी मात्र दोन्हीकडचे नग एकाच वहीत मोजले जात आणि वडिलांना सर्वांसमोर बोल ऐकावे लागत. तेव्हापासून ते मागाशेजारच्या भिंतीवर लाईट गेल्याची आणि आल्याची वेळ खडूने लिहून ठेवू लागले.

आजच्या साठ मिनिटांच्या सामन्यात त्या मुलाच्या संघाकडे दोन तृतीयांश वेळ चेंडू होता. चेंडू हिसकावायचा तर तो प्रतिस्पर्ध्याच्या पायात असायला हवा, आणि असा वेळ त्याला जेमतेम वीस मिनिटे मिळाला, दुसऱ्याला चाळीस. याने दर पाच मिनिटांना एक टॅकल केला, त्याने जवळजवळ सात मिनिटांना एक. मग सरस कोण? ज्याला दुपारभर लाईटच नव्हती, त्याचे नग कमी भरले म्हणून त्याला कामचुकार ठरवायचे काय?

पासांचेही तेच आहे. ज्या संघाकडे चेंडू अधिक असतो, त्याचे बचावपटू आपापसांत निवांत, आडवे पास देत राहतात आणि त्यांची अचूकता डोळे दिपवते. सतत दबावाखाली असलेला बचावपटू चेंडू लांब भिरकावतो आणि कागदावर अडाणी ठरतो. २०१८ च्या विश्वचषकात स्पेनने रशियाविरुद्ध हजाराहून अधिक पास दिले आणि पेनल्टींवर हरून ते घरी गेले. २०२२ च्या विश्वचषकात जपानने चेंडू सुमारे १८ टक्केच वेळ ताब्यात असताना त्याच स्पेनला २-१ असे हरवले. त्या दिवशीच्या स्पॅनिश खेळाडूंचे पास मोजून त्यांना जपानी खेळाडूंपेक्षा थोर म्हणणार आहात काय? शिवाय ताब्याची ही टक्केवारीसुद्धा अनेकदा घड्याळ लावून नव्हे, तर पासांच्या संख्येवरून काढलेली असते.

फ्रान्सचा मधल्या फळीतला खेळाडू कान्टे याचे उदाहरण कोणीतरी देईलच. २०१५-१६ मध्ये चेंडू कमी बाळगणाऱ्या लेस्टर या इंग्लिश क्लबकडून त्याने इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक टॅकल केले आणि पुढच्याच वर्षी चेल्सी या दुसऱ्या क्लबलाही विजेतेपद मिळवून दिले, तेव्हा मोठा आकडा प्रत्येक वेळी फसवा नसतो, हे मान्य. पण तो दुसऱ्या संघातही तसाच खेळला, म्हणून आपल्याला ते कळले. या पोराला दुसरा संघ कोण देणार आहे?

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला आहे. ते गृहस्थ वाईट नाहीत. स्वतःचे रविवार मोडून मुलांसाठी उन्हात उभे राहतात आणि त्यांच्या हाती जो कागद आला, तो त्यांनी वाचला. वडिलांच्या मालकालाही भिंतीवरचा खडू कोणी दाखवला नव्हता, आणि वडील स्वतःहून दाखवणाऱ्यांतले नव्हते.

मी उद्या सकाळी मैदानावर जाणार आहे. त्या कागदावर टॅकलच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखायचा आहे : समोरच्याकडे चेंडू किती मिनिटे होता. ज्यांना वेळ असेल त्यांनी सातपर्यंत या, घड्याळ धरायला माणसे लागतील.