बोटावर नको, कपाळावर लावा
श्वास रोखून बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांच्या रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरवरचा लेख आवडला, पण एक मुद्दा निसटलाय. कोविडात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर आठवा. आईची बोटं गार पडली की आकडाच यायचा नाही, चोळून ऊब आणावी लागायची. श्वास रोखून बुडी मारणाऱ्याचंही तेच, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात. म्हणून सेन्सर लावायला बोटापेक्षा कपाळ बरं.
आणि खरा धोका खोलवर नाहीच. ३० मीटरवर दाब चौपट, त्यामुळे तिथे ऑक्सिजन पुरल्यासारखा वाटतो. वर येताना दाब उतरतो, त्याबरोबर फुफ्फुसातल्या ऑक्सिजनचा जोरही, आणि बहुतेकदा शेवटच्या १० मीटरांत माणसाची शुद्ध हरपते. तेव्हा मनगटावर दिसणारा सेन्सरचा आकडा बघणार कोण? इशारा बोटीतल्या जोडीदाराला जायला हवा. तोही ब्लूटूथने नव्हे, समुद्रात ते हातभरही पोचत नाही!