मुक्काम पोस्ट चार चाकं

आमच्या गाडीचा विमा उतरवायला मला सात मिनिटं लागली. नंबर काय, किती सालची, मागच्या वर्षी क्लेम घेतला होता का, बस्स. गाडी रात्री कुठे झोपते, असं कुणी विचारलं नाही. वर त्याच पॉलिसीत मालक-चालक म्हणून माझा १५ लाखांचा अपघात विमाही आला. म्हणजे स्टिअरिंगवर बसल्या बसल्या अपघातात गेलो तर १५ लाख. पण त्याच सीटवर बसून नुसता ताप आला, तर त्याच्या विम्यासाठी पहिला प्रश्न येतो, "सर, आपला कायमचा पत्ता?"

बासष्टाव्या वर्षी माणसाला कायमचा पत्ता विचारू नये. त्याला नको तेच आठवतं.

तर झालं असं. निवृत्त झाल्यावर ठाण्याचा फ्लॅट विकला आणि सतरा सीटची एक जुनी मिनीबस घेतली. पंधरा सीट काढल्या, दोन ठेवल्या, एक माझी आणि एक हिची. मागे दोन पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, छपरावर सोलरचं पॅनल. ऑफिसच्या निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. भिंत आता नाही, म्हणून ते ड्रायव्हरच्या डोक्यामागे टांगलंय आणि दर गतिरोधकाला दोन मिनिटं पुढे जातं. ऑफिसची आरोग्य विम्याची ग्रुप पॉलिसी मात्र माझ्याबरोबर त्याच दिवशी निवृत्त झाली. ती वेळेत अर्ज करून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येते, हे मला तब्बल दीड वर्षाने कळलं. निरोपाची भाषणं पाच झाली, त्यात हे एकानेही सांगितलं नाही.

तोवर विम्याशिवाय छान चाललं होतं. पण डिसेंबरात गोव्यात आगोंदला असताना पहाटे माझ्या छातीत कळ आली. हिने गाडी स्वतः चालवत काणकोणच्या एका डॉक्टरांकडे नेली. त्यांनी कार्डिओग्राम काढला, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "काही नाही, गॅस आहे." हिने आधी गाडीत जाऊन सिलिंडर बघितला. मग परत येऊन म्हणाली, "आता विमा काढायचा. आज."

फोंड्यात एक एजंट भेटला. तरुण, बोलायला गोड, कानामागे पेन. त्याने आधी चांगली बातमी दिली. पासष्टीनंतर नवी पॉलिसी मिळत नाही, ही अट एप्रिल २०२४ पासून राहिली नाही. आणि वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. हे त्याने अशा थाटात सांगितलं, की जणू माझ्यासाठी दिल्लीला जाऊन त्यानेच शब्द टाकला होता.

"काका, आता पिनकोड सांगा."

"आजचा की उद्याचा?"

त्याने पेन कानामागे परत ठेवलं. मी समजावलं, की आज आम्ही ४०३ने सुरू होणाऱ्या पिनकोडात आहोत, पण परवा आंबोलीला चढलो की ४१६. त्याने पेन पुन्हा काढलं आणि मला झोन समजावले. बऱ्याच कंपन्यांचा प्रीमियम शहराप्रमाणे बदलतो. मुंबई-दिल्लीसारख्या ठिकाणी महाग, लहान गावात स्वस्त. स्वस्त झोनचा पत्ता देऊन महागड्या झोनमध्ये ॲडमिट झालात, तर काही पॉलिसींत बिलाचा ठरावीक हिस्सा आपल्या खिशातून. मला हे पटलं. पण माझा झोन तर डिझेलच्या काट्यावर ठरतो!

शेजारचा चहावाला कानोसा घेत होता. त्याने विचारलं, "तुमी खंय रावतात?"

"इथेच."

"इथेच म्हणजे?"

"म्हणजे ती पांढरी गाडी, तुमच्या टपरीसमोर."

"अच्छा, ती तुमची? तिच्यामुळे सकाळपासून गिऱ्हाईक थांबत नाही," असं म्हणून त्याने आमच्या चहाचे पैसे आधी मागून घेतले. मग जरा निवळून सल्लाही दिला, "दीनदयाळ कार्ड काढा ना." गोवा सरकारची ती आरोग्य विमा योजना चांगली आहे, पण तिला पाच वर्षांचं गोव्यातलं वास्तव्य लागतं. आम्ही तीन वर्षं येतोय, तेही थंडीतल्या पाणपक्ष्यांसारखे. केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, पाच लाखांपर्यंत उपचार मोफत, पण त्यासाठी सत्तरी गाठावी लागते. सत्तरी तालुक्यात मी चारदा जाऊन आलोय, ते चालत नाही म्हणे.

पत्त्याचा घोळ शेवटी आधारवर येऊन अडला. माझ्या आधारवर अजून ठाण्याचा फ्लॅट आहे. तिथे आता राहतात त्या बाई फोनवर स्पष्ट म्हणाल्या, "तुमची कुरिअरं आम्ही घेणार नाही." पुण्याच्या मुलाने तोड काढली. आधारचा पत्ता कुटुंबप्रमुखाच्या संमतीने बदलता येतो. मी अर्ज टाकायचा, कुटुंबप्रमुखाने तीस दिवसांच्या आत ऑनलाइन मंजूर करायचा. कुटुंबप्रमुख अर्थात तोच. ज्याला मी दुसरीपर्यंत बुटाची लेस बांधून दिली, त्याने मला तीन दिवस ताटकळत ठेवलं. मी फोन केला तर म्हणाला, "बाबा, बघतो." हे वाक्य त्याने माझ्याकडूनच उचललंय. चौथ्या दिवशी संमती आली आणि मी, जन्मात तिथे दोन महिने सलग न राहिलेला माणूस, कोथरूडकर झालो. ही म्हणाली, "आता दुपारी एक ते चार फोन उचलू नकोस."

पॉलिसीच्या शब्दांची छपाई मी पुढच्या रात्री टॉर्च लावून वाचली. त्यात 'डोमिसिलियरी' नावाचं एक कलम सापडलं. रुग्णाला हलवता येत नसेल किंवा रुग्णालयात खाट नसेल, तर तीन दिवसांपेक्षा जास्त चालणारे घरचे उपचारही धरतात. मी सकाळी एजंटला फोन लावला.

"आमचं घर हे गाडी आहे."

"हो, काका."

"रुग्णाला हलवता कामा नये."

"बरोबर."

"पण घरच हललं तर?"

त्याने फोन ठेवला नाही, हे त्याचं मोठेपण. थोड्या वेळाने एवढंच म्हणाला, "काका, ब्रेक लावून ठेवा."

मग कंपनीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. रक्तदाबाची गोळी सहा वर्षांपासून घेतो, हे मी सांगून टाकलं. लपवलं तर क्लेमच्या वेळी तेच अंगावर येतं, हे एजंटने बजावलं होतं. अशा आधीपासूनच्या आजारावर क्लेम मिळण्यापूर्वी थांबण्याचा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं. पूर्वी चार असायचा.

"घरी किती जिने चढता?"

"दोन पायऱ्या."

"घाट, चढ चढताना धाप लागते?"

"गाडीला लागते. चोर्ल्यात."

पलीकडून टाईप केल्याचा आवाज आला. गाडीची धाप माझ्या नावावर गेली की काय, ही शंका मला अजून आहे.

रक्ताचा नमुना घ्यायला माणूस घरी येणार होता. आम्ही फोंड्याजवळच्या एका देवळामागे, वडाखाली मुक्काम टाकला होता. पत्ता कळवला, 'देवळामागे, वडाखाली, निळे पडदे'. बारा तासांचा उपास. साडेसहाला रखवालदार आला. सहलीच्या तीन बसा यायच्या होत्या, गाडी काढा म्हणाला. कॅशलेसमध्ये डिस्चार्जची मंजुरी विमा कंपनीला तीन तासांत द्यावी लागते, असा नियम आहे. रखवालदाराने आम्हाला पाच मिनिटांत डिस्चार्ज दिला.

पोफळीच्या बागेकडच्या अरुंद रस्त्याला रिव्हर्स घेतोय, ही मागे उभी राहून 'ये, ये, ये, थांब' करतेय, तेवढ्यात पोदेर, म्हणजे गोव्यातला पाववाला, आला. सायकलीला टोपलं, भोंपू पों पों, आणि गरम पोळ्यांचा वास. इथे पोळी म्हणजे एक पावच. पोटात काही नाही आणि समोरून गव्हाच्या कोंड्यातल्या पोळ्या चालल्यात! ही म्हणाली, "चार घेऊन ठेवते, वास घ्यायला मनाई नाही." त्याच मिनिटाला तो रक्तवाला मुलगा स्कूटरवर वडाखाली पोचून फोन करत होता, "काका, वड आहे, देऊळ आहे, घर गेलं कुठे?"

सापडला शेवटी. त्याला ॲपमध्ये घराच्या दारासोबत माझा फोटो टाकायचा होता. मी सरकत्या दारात उभा राहिलो. मागे ही पोळी फाडून बघत होती. मग त्याने दंडाला पट्टा बांधला. १६२. "नेहमी एवढा असतो?" मी म्हटलं, "रिव्हर्सला असतो." दहा मिनिटं बसवून पुन्हा घेतला, तेव्हा १४०वर आला. रक्त काढून झाल्यावर हिने त्यालाही चहा आणि अर्धी पोळी दिली. पेशंटच्या घरी खायचं नसतं म्हणाला आणि खाल्ली.

प्रीमियम थोडा वाढवून पॉलिसी आली. माझं कार्ड कोथरूडला गेलं, मुलाने त्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'पत्त्यावर कधी येताय?'

पण गंमत पुढेच होती. नव्या पॉलिसीत पहिले तीस दिवस आजार धरत नाहीत, अपघात मात्र पहिल्या दिवसापासून. हिने त्याचा अर्थ लावून नियम केले. समुद्रात घोट्याच्या वर जायचं नाही. गाड्यावरची मिरची भजी बंद. उराक, म्हणजे काजूची दारू, तर विचारूच नको, तो हंगाम लागायला वेळ आहे तरी आधीच बंद. "तीस दिवस आजारी पडायचं नाही," ती म्हणाली, "अगदीच राहवलं नाही तर छपरावरून पड."

घड्याळाशेजारच्या कालनिर्णयवर ती रोज रात्री एक फुली मारते. काल तिसावी होती. केरीच्या किनाऱ्यावर गाडी लावली होती, तेरेखोलकडून गार वारा सुटला, आणि माझं नाक हुळहुळायला लागलं. मी तोंड उघडलं, डोळे मिटले. हिने फुली मारता मारता पेन माझ्यावर रोखलं.

"उद्या शिंक."