पंधरा दिवसांत नख नवं होत नसतं: पायाच्या नखांच्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

पावसाळा लागला की सांगली-मिरजेपासून शिराळ्यापर्यंत गावोगावच्या ग्रुपवर पायाच्या नखांचा एक मेसेज फिरायला लागतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: नख पिवळं, जाड किंवा काळं झालं की ती बुरशीच. व्हिनेगर, खायचा सोडा आणि लिंबू एकत्र करून रोज वीस मिनिटं पाय बुडवा, पंधरा दिवसांत नख नवं. नख बोटात रुतलं असेल तर कोपरा खोलवर कापा, मधोमध व्हीसारखी खाच पाडा आणि हळद-चुना भरा. बुरशीच्या गोळ्या लिव्हर खातात, त्या घेऊ नका. शुगरवाल्यांनी रोज कडक पाण्यात पाय शेकावेत.

मेसेज पुढे पाठवणाऱ्याला समोरच्याचं भलंच व्हावंसं वाटत असतं. पण यातली काही वाक्यं पायाचं बोट घालवू शकतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

“पंधरा दिवसांत नख नवं”

आपल्याला दिसतं ते नख मेलेल्या पेशींचा कडक थर असतो. जिवंत भाग मागे, त्वचेखाली, नखाच्या मुळाशी असतो. नख तिथेच तयार होतं आणि पुढे सरकत राहतं. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर सरकतं, म्हणजे पंधरा दिवसांत पाऊण मिलिमीटर. संपूर्ण नख बदलायला १२ ते १८ महिने लागतात. जो भाग एकदा खराब झाला तो पुन्हा नितळ होत नाही, तो पुढे सरकून कापलाच जावा लागतो. औषध उत्तम लागू पडलं तरी आधी मुळाशी नितळ नखाची एक बारीक पट्टी दिसते आणि ती महिन्यामहिन्याने रुंद होत जाते. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण योग्य उपचार दीड-दोन महिन्यांत सोडून देतात, “फरक नाही” म्हणून. मुळाशी दिसणारी ती पट्टी हाच फरक.

“पिवळं, जाड, काळं म्हणजे बुरशीच”

बिघडलेल्या नखांपैकी जवळपास निम्म्यांतच बुरशी सापडते. बाकीच्यांची कारणं वेगळी असतात आणि त्यांना बुरशीचं औषध कितीही दिलं तरी उपयोग शून्य.

सांगलीत तर आधी हळदीचा डाग ओळखता यायला हवा. हळद शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं, पोती भरणं अशी कामं करणाऱ्यांची नखं पिवळी होतात. पण ती जाड होत नाहीत, भुसभुशीत होत नाहीत, आणि पिवळेपणा वरच्या थरातच असतो. कानशीने हलकं घासलं की तो निघतो. बुरशीत नख सहसा पुढच्या किंवा बाजूच्या कडेने खालच्या त्वचेपासून सुटतं, खाली पिवळट-पांढरा भुसा साठतो आणि कड चुरचुरते. सोरायसिसमध्ये नखावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसतात आणि डोक्यात किंवा कोपरावर खवले असतात. कुपवाडच्या एमआयडीसीत दिवसभर पुढून कडक असलेले सेफ्टी शूज घालणाऱ्यांची दोन्ही अंगठ्यांची नखं सारखीच जाड होतात, कारण पाऊल टाकताना नख दरवेळी पुढे आपटतं. तिथे औषध म्हणजे एक नंबर मोठा बूट. म्हातारपणी शिंगासारखं वळलेलं नखही बहुधा वर्षानुवर्षांच्या दाबाचं असतं.

खात्री करायची तर तपासणी स्वस्त आणि सोपी आहे. नख स्पिरिटने पुसून सुटलेला भाग कापतात आणि चांगल्या नखाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जवळून खालचा भुसा खरवडून घेतात. टोकाचा तुकडा नेऊन चालत नाही, तिथली बुरशी बहुतेक मेलेली असते. हा भुसा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कल्चर, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढवून बघण्याची तपासणी, लावलं तर उत्तर यायला चार आठवडेही लागू शकतात. मलम लावत असाल तर ते किमान दोन आठवडे आधी थांबवा, गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, नाहीतर बुरशी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. लक्षणं पक्की असतील आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तर पुन्हा नमुना द्यावा.

काळ्या नखाबद्दल थोडं सविस्तर. दगडाची ठेच, पायावर पडलेलं पोतं, उतारावरची लांब धाव यांनी नखाखाली रक्त साकळतं. लागल्यापासून पहिल्या एक-दोन दिवसांत ठणका फार असेल तर डॉक्टर नखाला बारीक भोक पाडून रक्त काढतात आणि लगेच आराम पडतो. घरी तापवलेली सुई वापरू नका. साकळलेला डाग नखाबरोबर पुढे सरकतो. डागाच्या मागच्या कडेशी कानशीने बारीक खूण करा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, दोन महिन्यांनी बघा. मुळाच्या बाजूला सुमारे तीन मिलिमीटर नितळ नख आलं असेल तर ते रक्तच होतं.

याउलट काळी-तपकिरी उभी रेघ मुळापासूनच निघत असेल, ती रुंद होत असेल, कडा अस्पष्ट असतील, एकाच बोटाला असेल किंवा काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला असेल, तर तो नखाखालचा मेलानोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर असू शकतो. सावळ्या वर्णाच्या माणसांत अनेक नखांवर बारीक तपकिरी रेघा असणं नेहमीचं आणि निर्धोक असतं, त्यामुळे रेघ दिसली की घाबरायचं कारण नाही. पण एकाच नखावरची बदलती रेघ लिंबात भिजवत बसण्याची गोष्ट नाही. त्वचारोगतज्ज्ञ तिचा तुकडा तपासायला पाठवतात. तिथे महिने वाया गेले तर परत मिळत नाहीत.

“व्हिनेगर, सोडा, लिंबू”

व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली. एकत्र केले की फसफसतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतं ते सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी. फेस बघून “काम करतंय” असं वाटतं, पण त्या फेसात दोन्ही पदार्थ एकमेकांना संपवत असतात. शिवाय बुरशी बसलेली असते नखाच्या खाली, आणि पाणी तिथवर पुरेसं पोचत नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी काळी पडते. ठेचलेला लसूण बांधून फोड आलेली बोटंही वैद्यकीय नोंदींत आहेत.

पातळ केलेल्या व्हिनेगरचा एक खरा उपयोग आहे. सतत ओलाव्यात राहून सुटलेलं नख हिरवट झालं असेल तर ते स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूमुळे असतं. एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी यात दहा मिनिटं बोट बुडवून कोरडं केल्याने तिथे मदत होते. सोडा घालायचा नाही, आणि जखम किंवा मधुमेह असेल तर तेही नको.

“गोळ्या लिव्हर खातात”

बुरशी सिद्ध झाली आणि ती नखाच्या मुळापर्यंत किंवा अनेक नखांत पोचली असेल तर गोळ्यांइतकं परिणामकारक दुसरं काही नाही. टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज एक, १२ आठवडे, हा पायाच्या नखांचा नेहमीचा कोर्स. यकृताला गंभीर इजा होते, पण ती दुर्मिळ आहे: अंदाज ५० हजार ते १ लाख २० हजार प्रिस्क्रिप्शनमागे एक असा आहे. म्हणूनच सुरू करण्याआधी यकृताची रक्ततपासणी करतात, आणि दारू किंवा आधीची कावीळ लपवायची नसते. गोळी चालू असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले, भूक गेली किंवा चव गेली तर गोळी थांबवून लगेच दाखवा. दुसरी गोळी इट्राकोनाझोल. हृदय कमजोर असलेल्यांनी ती घेऊ नये. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी तिचं जमत नाही, आणि कॅप्सूल जेवणासोबत घ्यावी लागते. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांबरोबर ती नीट शोषली जात नाही. आपल्याकडे टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशीही आता आढळते, म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणणं दोन्ही बाजूंनी तोट्याचं.

निम्म्याहून कमी नख बिघडलं असेल आणि मूळ शाबूत असेल तर अमोरोल्फिन ५ टक्के लॅकर, म्हणजे नेलपॉलिशसारखं नखावर लावायचं औषध, पुरू शकतं. नख कानशीने घासून पातळ करायचं, स्पिरिटने पुसायचं, लॅकर लावून तीन-पाच मिनिटं वाळू द्यायचं. आठवड्यातून एक-दोनदा, ९ ते १२ महिने. खराब नखाला वापरलेली कानस चांगल्या नखाला लावू नका.

“कोपरा खोलवर कापा, व्ही खाच पाडा, हळद-चुना भरा”

मेसेजमधला सगळ्यात घातक भाग हा. नख रुततं त्याचं मुख्य कारणच कोपरे गोल, खोल कापणं हे आहे. कोपरा खोल कापताना नेलकटर शेवटपर्यंत पोचत नाही आणि बाजूला, मांसात, नखाचा एक बारीक काटा शिल्लक राहतो. दोन दिवस बरं वाटतं, कारण दाब गेलेला असतो. नख पुढे सरकतं तसा तो काटा मांसात घुसतो, सूज येते, सुजलेलं मांस नखावर चढतं आणि पू होतो. मग माणूस आणखी खोल कापतो.

व्ही खाचेमागची कल्पना अशी की नख खाच भरायला मधे ओढलं जाईल आणि कडा सुटतील. नख जखमेसारखं भरून येत नाही. ते मुळाकडून पुढे एवढंच जातं. खाच पुढे सरकत जाऊन कापली जाते, तोवर मोज्याच्या धाग्यात अडकून नख उभं चिरतं.

हळद आणि चुना एकत्र केला की लाल होतो, कुंकू असंच बनवत आले आहेत. नखाच्या कडेला हा लाल लेप बसला की जंतुसंसर्गाची लाली पसरते आहे का, हेच दिसेनासं होतं. चुना तीव्र अल्कली असल्याने सुजलेली कातडी भाजते ते वेगळंच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती आपल्या अभिमानाची आहे. तिला उघड्या जखमेत चुन्याबरोबर कोंबू नये.

नुसती लाली आणि दुखणं असेल, पू नसेल, आणि मधुमेह नसेल तर घरी हे करा. कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटं पाय, दिवसातून दोन-तीनदा. पुसून कोरडं करा. भिजल्यावर मऊ झालेलं मांस कापसाच्या काडीने नखापासून हळूच बाजूला ढकला. कापसाची तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक वळी करून कोपऱ्याखाली सरकवा, रोज बदला. चिकटपट्टीचं एक टोक सुजलेल्या मांसावर नखाच्या अगदी कडेला चिकटवा, मांस बाहेर ओढत पट्टी बोटाखालून तिरकी न्या. बोट आवळलं जाता कामा नये. कोपरा मांसाच्या पुढे येईपर्यंत हे चालू ठेवायचं, त्याला काही आठवडे लागतात. तोवर पुढून उघडी चप्पल.

पू आला किंवा कडेला लाल, लगेच रक्त येणारा मांसाचा गोळा आला तर घरचे उपाय थांबवा. नुसत्या अँटिबायोटिकने हे बरं होत नाही, कारण काटा आतच असतो. बोटाच्या मुळाशी भूल देऊन रुतलेल्या बाजूची तीन-चार मिलिमीटर रुंद पट्टी काढतात आणि तेवढ्याच भागाच्या मुळाला फिनॉल लावतात, म्हणजे ती पट्टी पुन्हा उगवत नाही. नंतर दोन ते चार आठवडे थोडं पाणी सुटतं, ते अपेक्षित आहे. अख्खं नख उपटून मूळ तसंच ठेवलं तर नवं नख बरेचदा पुन्हा रुततं, तेव्हा शस्त्रक्रियेआधी “मुळाचं काय करणार?” हे जरूर विचारा.

“शुगरवाल्यांनी कडक पाण्यात पाय शेकावेत”

नको. मधुमेहात बरेचदा पायांची जाणीव कमी झालेली असते. पाणी चटका देण्याइतकं गरम आहे हे पायाला कळत नाही, फोड आल्यावर डोळ्यांना दिसतं. पाय धुण्याचं पाणी कोपर बुडवून तपासा, जमल्यास घरातल्या दुसऱ्या कुणाकडून. पाय भिजवत ठेवू नका, धुऊन लगेच बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. नखं सरळ कापा, कोपरे फक्त कानशीने बोथट करा, आणि नजर कमी असेल तर स्वतः कापू नका. बोटाभोवती लाली पसरत असेल, वास येत असेल, पू, काळेपणा किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, दुखत नसलं तरी.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट

नखाची बुरशी बहुतेक वेळा चिखल्यांतून चढते. रात्रीची वीज आली की उसाला दारं धरायला जाणारे, शिराळ्याकडे भातलावणीत दिवसभर चिखलात उभे असणारे, तालमीत एकाच मॅटवर सराव करणारे, यांच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सोलते. तेव्हाच क्लोट्रिमाझोल १ टक्का क्रीम रोज दोनदा, खाज थांबल्यावरही दोन आठवडे, डागाच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावलं तर नख वाचतं. स्टेरॉइड मिसळलेली “तीन-इन-वन” क्रीमं खाज लगेच थांबवतात आणि बुरशी आतल्या आत पसरू देतात, त्यांच्या ट्यूबवर बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असं नाव असतं, ते वाचून परत करा. गमबूट रात्री उलटे टांगा, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा, म्हणजे एकाला वाळायला पूर्ण दिवस मिळतो. घरात कुणाला गजकर्ण असेल तर त्याचाही उपचार त्याच वेळी करा, आणि नेलकटर प्रत्येकाचा वेगळा ठेवा.