मालकाकडून उत्तर: गूगल फुकट आहे, मान्य

नमस्कार साहेब, रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, ठीक आहे. तुमचं म्हणणं असं की सप्लायरच्या स्पॅनिश कोटेशनचं इंग्लिश गूगल फुकटात करतं, आम्ही पण शेवटी कॉम्प्युटरवरच केलं, तरी पानाप्रमाणे पैसे घेतले, वर टायपिंगचे वेगळे लावले आणि दोन दिवस घालवले.

कॉम्प्युटर वापरतो हे आम्ही लपवतच नाही, काउंटरवरच सांगतो. २०१६ ला गूगलने भाषांतराची नवीन पद्धत आणली त्यात स्पॅनिश पहिल्या काही भाषांत होतं, तेव्हापासून कच्चं भाषांतर बरंच चांगलं येतं, उगाच नाही कशाला म्हणू. पण तुम्ही आणलेली फाइल नव्हती हो, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो होता, तोही तिरका आणि शिक्का नेमका आकड्यांवर बसलेला! फोटोतून अक्षरं उचलणारं सॉफ्टवेअर अशा कागदावर एनच्या डोक्यावरची लाट खातं, स्वरांवरच्या रेघा उडवतं, रकान्यातल्या ओळी एकमेकीत घुसवतं. म्हणून आमच्या टायपिंगवाल्या ताईंनी आधी मूळ स्पॅनिश हाताने टाइप केलं, अशी अक्षरं निघणाऱ्या इंटरनॅशनल सेटिंगवर कीबोर्ड टाकून, कारण लाटवाल्या एनसाठी ऑल्ट धरून १६४ दाबायची युक्ती नंबरपॅड नसलेल्या लॅपटॉपवर चालत नाही (अप्पा बळवंत चौकात अजून लोक तेच सांगत बसतात).

आणि तुम्ही लिहिलंय की गूगलमध्ये टाकून बघितलं तर जवळपास सेमच आलं. येणारच की. टाकलंत काय, ताईंनी टाइप करून दिलेलीच फाइल ना?

आता "जवळपास" बद्दल. तुमचे आकडे इथे लिहीत नाही, नुसतं उदाहरण देतो. कोटेशन स्पेनचं होतं, तिकडे हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम सर्रास देतात, म्हणजे १.२५० लिहिलं तर ते साडेबाराशे, आपला माणूस वाचणार सव्वा. मशीन हे कधी बदलतं, कधी तसंच ठेवतं, आणि सप्लायर मेक्सिकोचा असता तर टिंब आपल्यासारखंच दशांशाचं, मग बदललं तर चूक. त्यामुळे कागद कुठून आलाय ते बघून एकेक आकडा मूळ फोटोशी ताडून बघावा लागतो, तुमचे दोन दिवस त्यात गेले. सप्लायरला पाठवायच्या तुमच्या उत्तराचं इंग्लिशवरून स्पॅनिश करतानाही तेच, इंग्लिशमध्ये सगळ्यांना एकच यू, स्पॅनिशमध्ये मात्र आपल्यासारखं तू वेगळं नि तुम्ही वेगळं, त्यामुळे अहो-जाहो चालू असताना मशीन मधेच अरे-तुरेवर आलं होतं, ते आम्ही सरळ केलं. सप्लायरला अरे-तुरे करून वर डिस्काउंट मागणार होतात का?

टायपिंगचे पैसे वेगळे लागतील हे पावतीवर लिहिलेलं आहे, सही तुमचीच आहे. पुढच्या वेळी सप्लायरकडून वर्ड किंवा एक्सेलची मूळ फाइल मागवून घ्या, टायपिंगचा एक रुपया लावणार नाही आणि काम बहुतेक त्याच दिवशी मिळेल. तपासणीचा दर मात्र तोच राहील.