दहा मिनिटांत म्हणे!

आज दुपारी फॅमिली ग्रुपवर जाऊबाईंनी एक व्हिडिओ टाकला. ‘घरच्या घरी बबल टी, फक्त दहा मिनिटांत!’ (बबल टी म्हणजे तळाशी पिठाचे छोटे चिवट गोळे, म्हणजे ‘मोती’, घातलेला तैवानचा दुधाचा चहा.) आणि खाली त्यांचा शेरा, "बघ किती सोप्पंय, तू उगाच बाऊ करतेस."

बाऊ. मी. बरं, मग आता लिहितेच.

तो व्हिडिओ मी तीनदा पाहिला. बाई पिठात पाणी ओतते आणि पुढच्या क्षणाला तिच्या हातात गुळगुळीत, चकचकीत गोळा! मधलं कुठे गेलं? विचारतेय कारण त्या मधल्या जागेत माझी एक अख्खी रविवारची दुपार गेली आहे.

लेकीनं हट्ट धरला म्हणून मी टॅपिओकाचं पीठ (साबुदाणा होतो त्याच कंदाचं) आणलं. १०० ग्रॅम मोजून वाडग्यात काढलं. ब्राउन शुगर (नावाला हसू नका, साखरच असते ती) पाण्यात घालून उकळली, गॅस बंद केला आणि नेमका फोन वाजला. बोलून परत आले आणि ते पाणी ओतलं पिठात. कोमट झालेलं. झालं! वाडग्यात नुसता तपकिरी चिखल. लेकीनं त्यावर बोट आपटलं तर दगड, अलगद टेकवलं तर बोट आत. "आई, हे जादूचं आहे!" ती खेळत बसली, आणि मी ओट्याला टेकून त्या पिठाचा उद्धार करत होते.

कारण नंतर कळलं. हे पीठ साधारण ६० ते ७० अंशांना शिजायला लागतं. उकळतं पाणी पडलं की थोडं पीठ जागच्या जागी शिजून चिकट होतं आणि तेच उरलेल्या कच्च्या पिठाला धरून ठेवतं. कोमट पाण्यात सगळेच कच्चे, कोण कोणाला धरणार? ‘उकळतं’. एक शब्द! तेवढा बोलायला त्या बाईचं काय जात होतं? वर म्हणते, टॅपिओका नसेल तर कॉर्नफ्लोअर घ्या. घ्या! आणि मग तो चिवटपणा कुठून आणायचा तेही सांगा. तैवानमध्ये त्या चिवट-लवचिक चावण्याला खास शब्द आहे, ‘क्यूक्यू’. सगळा खेळ त्या क्यूक्यूसाठी असतो, नाहीतर साधा दुधाचा चहा काय वाईट आहे?

दुसऱ्या खेपेला फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. साखरेचं पाणी खळखळत असतानाच पिठावर ओतलं, चमच्यानं ढवळलं, हाताला सोसवेल इतपत निवल्यावर मळलं. बोटं पोळली ती पोळलीच. मग लांब वळ्या, त्यांचे तुकडे, आणि एकेक तुकडा तळव्यात फिरवून मोती. वळ्या उघड्या राहिल्या की त्यांना भेगा पडतात, म्हणून वर ओला कपडा. झालेले मोती एकमेकांना चिकटतात, म्हणून वर कोरडं पीठ. लेक मोजत होती. 216. पाऊण तास गेला फक्त वळण्यात! पुढे भरपूर उकळत्या पाण्यात वीस मिनिटं, गॅस बंद करून झाकणाखाली आणखी वीस, मग गार पाण्यातून काढून साखरेच्या पाकात.

दहा मिनिटं म्हणे.

आणि लेकीनं ग्लास चार मिनिटांत संपवला. तळाचा शेवटचा मोती जाड स्ट्रॉमधून फटकन वर आला, तिनं स्ट्रॉ काढून ग्लासात डोकावून बघितलं आणि म्हणाली, "संपलं?"

हो, साखर फार असते, माहीत आहे. आणि अगदी लहान मुलांना हे मोती देऊ नयेत, घशात अडकू शकतात, तेही खरं. तयार मोती आणले तर काम पटकन होतं, हेही मान्य. पण मग ‘घरच्या घरी’ कशाला म्हणता? ‘घरी गरम केलं’ म्हणा.

इतकं लिहीपर्यंत जाऊबाईंचा दुसरा मेसेज. "एकदाच भरपूर शिजवून फ्रीजमध्ये ठेव ना, आठवडाभर पुरतील."

आता मात्र हद्द झाली. ठेवले होते हो! त्या 216 मधलेच मूठभर उरले होते. सकाळी बघते तर आतून पांढरे, टणक, खोडरबर जणू. लेकीनं एक जमिनीवर टाकला तर तो टप्पा खाऊन ओट्याखाली गेला. शिजलेला स्टार्च गारठ्यात पुन्हा घट्ट होतो, त्याला तुम्ही-आम्ही काय करणार? कच्चे मोती फ्रीझरमध्ये राहतात, तेवढी सोय आहे. शिजवलेले मात्र दोन-चार तासांत संपवायचे, विषय संपला.

मुळात ‘बबल’ हे नाव मोत्यांवरून नाही, चहा शेकरमध्ये घुसळल्यावर वर येणाऱ्या फेसावरून पडलं असं सांगतात. शोध कुणाचा, यावरून तैवानमधली दोन चहाची दुकानं, ताइचुंगचं चुन शुई तांग आणि ताइनानचं हानलिन, वर्षानुवर्षं कोर्टात भांडली. दोघंही 1980 च्या दशकाकडे बोट दाखवतात. शेवटी 2019 मध्ये निकाल लागला तो असा, की यावर पेटंट कुणाचंच नाही, कुणीही बनवावं, तेव्हा पहिलं कोण हे ठरवायची गरजच नाही. वाचून मला इतकं बरं वाटलं! त्यांचं भांडण शोधावरून, आमचं दहा मिनिटांवरून.

जाऊबाई हे वाचणार आहेत. वाचू देत. त्यांच्या हातचं खाऊनच मी या घरात रुळले, त्यामुळे राग फार वेळ टिकत नाही. पण एकदा येऊन 216 वळून दाखवा.

जरा थांबा. लेकीनं आत्ता तो व्हिडिओ चौथ्यांदा लावला आणि गोळा दिसतो तिथे थांबवला. "आई, मागे बघ." त्या बाईच्या मागे, ओट्याच्या कोपऱ्यात, ताटलीनं अर्धवट झाकलेला एक वाडगा. त्याच्या कडेवरून तपकिरी ओघळ खाली आलेला. ओळखीचा ओघळ!

अगं बाई, तुझाही झाला होता तर. मग तोच दाखवायचा होतास ना! मी तरी पहिल्या खेपेला इतकी रडकुंडीला आले नसते.

डब्यात थोडं पीठ उरलंय. लेकीला विचारलं, करू का आज? तिला मोती नकोत. तिला तो चिखल हवाय, कोमट पाण्याचा.