‘ए’ नावाचा फोल्डर नाही, या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार भाऊ. ऐन कापसाच्या हंगामात तुमच्या काट्यावर गाड्या खोळंबल्या, त्याबद्दल माफी मागतो. एक स्टार दिला, तोही मान्य. पण “आमच्या सर्व्हरवर ‘ए’ नावाचा फोल्डरच नाही, यांनी दुसऱ्याच जिनिंगचा पॅच आमच्या गळ्यात मारला” हे वाक्य लागलं. पॅच म्हणजे तुमच्या प्रोग्रामच्या कुठल्या फाइलीत कोणत्या ओळी बदलायच्या ते सांगणारी, आम्ही मेलवर पाठवलेली फाइल. तालुक्यातले बाकीचे जिनिंगवालेही हे वाचतात, म्हणून बोलावं लागते.

पॅचमधल्या ‘ए/खरेदी/ओलावा.पीएचपी’ आणि ‘बी/खरेदी/ओलावा.पीएचपी’ यातले ए-बी फोल्डर नाहीतच. ए म्हणजे बदलाआधीची फाइल, बी म्हणजे नंतरची. गिट (फाइलींतले बदल नोंदवणारं साधन) ते आपणहून लावते, आमच्या दुकानाची टूम नाही. पॅच कमांडला ‘-पी१’ दिलं की पत्त्यातला पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग गळतो, खरा पत्ता उरतो. मेलच्या पहिल्याच ओळीत हे होतं: मूळ फोल्डरमध्ये जा, ‘-पी१’ द्या, आधी ‘ड्राय-रन’ (फाइल न बदलता नुसती चाचणी) करून पाहा.

तुमच्या मुलानं ‘-पी०’ दिलं. मग ‘ए’ फोल्डर शोधला जाणारच. नंतर त्यानं ‘-पी’ काढूनच टाकलं. तसं केलं की पॅच कमांड नुसतं फाइलचं नाव पाहते. तो तेव्हा ‘विक्री’ फोल्डरमध्ये होता, तिथंही ओलावा.पीएचपी आहे. खरेदीची ओलाव्याची कपात सरकीच्या बिलात शिरली ती अशी. तुम्हीच टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ‘फझ २’ दिसते, म्हणजे आजूबाजूच्या ओळी जुळत नव्हत्या. तिथंच थांबायचं होतं.

आधीचा माणूस बिनउपसर्गाचे, म्हणजे पुढे ए-बी नसलेले, पॅच द्यायचा म्हणता. तो सबव्हर्जन (गिटसारखंच दुसरं साधन) वापरायचा, तिथं ‘-पी०’ बरोबरच होतं. आम्हीही ‘नो-प्रीफिक्स’ लावून ए-बी काढू शकतो, पण मग सवयीनं कोणी ‘-पी१’ दिलं की ‘खरेदी/’च कापलं जाते, आणि गिट अप्लाय (गिटची स्वतःची पॅच लावायची कमांड) तर न सांगता ‘-पी१’च धरते. त्यापेक्षा मूळची पद्धत बरी. आणि तुम्ही पॅचचे समजलात ते ५०० रुपये रात्री १० च्या फेरीचे होते, पॅचचे नाही.

यापुढे कमांड मोठ्या अक्षरात मराठीत देऊ, बाकीही सुधारू. फझमुळे ‘विक्री’मध्ये जुनी प्रत ‘.ओरिग’ नावानं पडून असेल. ती पुसू नका, तीच परत ठेवायची आहे.