कोबाल्ट ड्रिल भंगारात टाकू नका

‘कोबाल्ट ड्रिलला फक्त वरून मुलामा असतो, एकदा धार लावली की ते संपलं,’ असा मेसेज मुंबईतल्या फिटर मंडळींच्या ग्रुपवर फिरतोय. नागदेवी स्ट्रीटच्या अवजार बाजारात महागाचं ड्रिल (मशीनला लावायचं बिट) घेऊन ते असं फेकणाऱ्यांचं नुकसान बघवत नाही, म्हणून हा खुलासा.

सोनेरी मुलामा असतो तो टायटॅनियम नायट्राइडचा. कोबाल्ट पोलादातच मिसळलेलं असतं, एम३५ जातीच्या पोलादात सुमारे ५ टक्के, एम४२ जातीत ८. म्हणूनच स्टेनलेसला भोक पाडताना टोक तापलं तरी धार टिकते. बोथट झालं की ग्राइंडरवर बिनधास्त घासा, आत तोच धातू आहे. मात्र तापलेलं टोक एकदम पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात. आणि हातमशीन तिरकी धरू नका. हे पोलाद कडक, तसंच ठिसूळही.